निळी पूररेषा मागून गेली म्हणून प्लॉट वाया जात नाही. पण जुनं घर आधी पाडू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात पंचगंगेकडे उतरणाऱ्या भागात तुमची 11 गुंठे वडिलोपार्जित जागा आहे. पुढच्या बाजूला वडिलांनी 1978 साली महापालिकेची परवानगी घेऊन बांधलेलं बैठं घर आहे आणि मागची जागा नाल्याकडे उतरते. 2019 ला घरात कमरेएवढं पाणी होतं, 2021 ला त्याहून वीतभर जास्त. आता तिघं भावंडं मिळून घर पाडून नवं दुमजली बांधायचं म्हणताय. चुलते म्हणतात, ‘जागा निळ्या रेषेत आहे, काही होणार नाही, विकून मोकळे व्हा.’ एजंट म्हणतो, ‘मागे दहा फूट भराव टाका, जागा रेषेच्या वर येते, परवानगी मी काढून देतो.’ दोघांपैकी कोण बरोबर, घर किती उंच घ्यायचं आणि कुंपणाची भिंत बांधता येईल का, हे तुम्ही विचारलंय.

चुलते अर्धे चुकलेत, एजंट पूर्ण.

आधी रेषा कशाच्या हे बघू. पूरक्षेत्रासाठी महाराष्ट्रात वेगळा कायदा नाही. केंद्राने 1975 साली पूरमैदानांसाठी नमुना विधेयक राज्यांकडे पाठवलं होतं. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनी कायदे केले, आपण केला नाही. आपल्याकडे सगळा गाडा पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकावर आणि बांधकाम नियमावलीवर चालतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यातलं जे जास्त असेल त्याचं पाणी जिथवर चढतं ती निळी रेषा. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र आणि निळ्या-लालच्या मधला पट्टा नियंत्रित क्षेत्र.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून लोक निर्धास्त होतात. त्याचा खरा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. 30 वर्षं टिकणारं घर धरलं, तर त्या काळात लाल रेषेएवढा पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण 26 टक्के येते. निळ्या रेषेच्या पुराची 70 टक्क्यांवर जाते. तुमच्या घरानं दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर पाहिलेत, त्यामुळे हे तुम्हाला वेगळं पटवायला नको.

आता नियम. डिसेंबर 2020 पासून, मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रं वगळता, राज्यभर एकीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आमच्या धंद्यात सगळे तिला यूडीसीपीआरच म्हणतात. पात्र आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं बांधकाम नाही, हे तिच्यात स्वच्छ लिहिलंय. पार्किंग, बाग, हिरवळ, उघडी भाजीमंडई, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाइपलाइन असे वापर तिथे चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकाम चालतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट वर.

तुमच्या चुलत्यांना बहुतेक माहीत नाहीत अशी दोन कलमं त्याच नियमात आहेत, आणि तुमचा सगळा व्यवहार त्या दोन कलमांवर उभा आहे.

पहिलं असं की निळ्या रेषेच्या आत आधीपासून असलेल्या अधिकृत मिळकतीचा पुनर्विकास करता येतो. अट तीच, लाल रेषेच्या वर 0.45 मीटर, आणि सोबत पाटबंधारे खात्याचं ना-हरकत पत्र. दुसरं असं की जागा निवासी किंवा तत्सम विकासयोग्य झोनमध्ये असेल आणि तिचा काही भाग रेषेत गेला असेल, तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे जागेच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो हक्क, उरलेल्या भागावर वापरायला देता येतो. समजा तुमचे 4 गुंठे निळ्या रेषेत गेले. एकूण क्षेत्र 1,113 चौरस मीटर. मूळ एफएसआय 1.10 धरला तर साधारण 1,224 चौरस मीटर बांधकामाचा हक्क पूर्ण जागेवर मोजला जाऊ शकतो, फक्त तो वरच्या 7 गुंठ्यांत बसवावा लागतो. दुमजली घराला एवढा लागतच नाही. पण ‘रेषेतली जागा आहे’ म्हणून कोणी भाव पाडून मागत असेल, तर तो हा आकडा धरून मागतोय की सोडून, ते विचारा.

पहिल्या कलमातला ‘अधिकृत’ हा शब्द मात्र महागात पडू शकतो. 1978 ची परवानगी आहे असं तुम्ही लिहिलंय. कागद हातात आहे की फक्त आठवणीत? घरफाळ्याच्या पावत्या परवानगीचा पुरावा ठरत नाहीत, कारण फाळा अनधिकृत घरालाही लागतो. लाईटबिलाचंही तेच. 2019 आणि 2021 चे पंचनामे घर तिथे होतं एवढंच सांगतात. हवा आहे तो मंजूर नकाशा, बांधकाम परवानगीचं पत्र आणि मिळाला असेल तर पूर्णत्वाचा दाखला. पुरात भिजून गेले असतील तर महापालिकेच्या नगररचना विभागाकडे आणि अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. दाद मिळाली नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सोबत मिळकत पत्रिकेचे जुने उतारे आणि सिटी सर्व्हेच्या चौकशीचा उतारा काढा, त्यावर घराची नोंद कधीची आहे ते कळतं.

म्हणूनच शीर्षकात लिहिलंय ते पुन्हा सांगतो. नवी परवानगी हातात येईपर्यंत जुन्या घराची एक वीटही काढू नका. भिंतींना भेगा आहेत, ओल आहे, दर पावसाळ्यात भीती वाटते, हे सगळं खरं असेल, तर राहायला दुसरीकडे जा. पण घर उभं ठेवा. पाडून झालं की तुमची जागा मोकळा भूखंड दिसते, आणि ‘अस्तित्वातील अधिकृत मिळकत’ हे कागदावरून सिद्ध करत बसावं लागतं. पाडण्याआधी घराचा मोजमापासह नकाशा आणि सगळ्या बाजूंचे फोटो आर्किटेक्टकडून करून घ्या. महापालिकेनेच घर धोकादायक ठरवून नोटीस दिली असेल तर ती जपून ठेवा, आणि तसं असेल तर पाडण्याचीही लेखी नोंद करून घ्या.

अर्थात, घर निळ्या रेषेत आहे की मधल्या पट्ट्यात, हेच अजून तुम्हाला माहीत नाही. चुलत्यांनी कुठल्या नकाशावर पाहिलं कोण जाणे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या, गूगलच्या चित्रावर रंग मारलेल्या रेषांवर मी दहा रुपयेही लावणार नाही. विकास आराखड्यावर रेषा दाखवलेल्या असतात, पण त्या प्रमाणावर पेन्सिलीची जाडीसुद्धा जमिनीवर काही मीटर खाते. शिवाय आराखड्यातली रेषा आणि खात्याची अलीकडची रेषा वेगळी असू शकते. नियमानुसार रेषा ठरवण्याचा अधिकार पाटबंधारे खात्याचा किंवा शासनाने अधिकृत केलेल्या संस्थेचा. तेव्हा भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा घ्या, महापालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, आणि हे सगळं जोडून पाटबंधारे विभागाकडे तुमच्या गट किंवा सिटी सर्व्हे नंबरवर दोन्ही रेषा दाखवून मिळाव्यात असा अर्ज द्या. अर्जात एक वाक्य आवर्जून घाला: दोन्ही रेषांची तुमच्या जागेपाशी असलेली पातळी मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून, लेखी कळवावी.

हे वाक्य लोक विसरतात, आणि इथेच घोळ होतो. 0.45 मीटर उंची मोजायची ती रस्त्यापासून किंवा जमिनीपासून नाही, लाल रेषेच्या पातळीपासून. ती पातळी कागदावर नसेल तर आर्किटेक्ट अंदाजानं जोतं ठरवतो आणि पुढे जोते तपासणीत अडकतो.

कोल्हापुरात आपण पूर फुटांत बोलतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 ला पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं, 2021 ला 56 फूट 3 इंचांवर. सांगलीत हेच आयर्विन पुलावर, 40 आणि 45. पण हे त्या एका जागेवरच्या मोजपट्टीचे आकडे. वाहत्या नदीचं पाणी सपाट नसतं, वरच्या अंगाला त्याची पातळी जास्त असते. नाल्यातून शहरात घुसलेल्या फुगवट्याची आणखी वेगळी असते. जयंती नाल्याकाठचं कोणीही सांगेल की नदी लांब असूनही पाणी मागच्या दारानं येतं. त्यामुळे ‘राजारामला इतके फूट म्हणजे आमच्याकडे इतकं’ हा हिशेब गप्पांना ठीक, नकाशाला नाही.

लाल रेषेची पातळी हातात आली की सर्व्हेअरकडून जागेची कंटूर पाहणी, म्हणजे चढउताराची मोजणी, करून घ्या. तो पातळी कुठल्या खुणेवरून घेतोय ते विचारा. बरेचजण रस्त्यावरच्या एखाद्या पुलाची कड किंवा गटाराचं झाकण 100.00 धरतात आणि त्यावरून सगळं मोजतात. घराच्या उतारांसाठी ते चालतं. पूररेषेशी जुळवायचं असेल तर सर्वेक्षण खात्याच्या पक्क्या खुणेवरून, म्हणजे जीटीएस बेंचमार्कवरून, पातळी आणावी लागते. खात्याची पातळी समुद्रसपाटीची आणि तुमची गटाराच्या झाकणाची, अशा दोन कागदांची वजाबाकी करून जोतं ठरवलेलं मी पाहिलंय. त्याला अर्थ नाही.

उदाहरणापुरते आकडे घेतो, हे तुमच्या जागेचे नाहीत. जमीन 545.60 मीटर, लाल रेषा 547.40. घराचा पहिला वापराचा मजला किमान 547.85 वर हवा, म्हणजे जमिनीपासून सव्वादोन मीटर. एवढं जोतं भरून करणं खर्चाचं आणि चुकीचं. त्यापेक्षा थोडं आणखी वर जा, खाली खांबांवर मोकळं पार्किंग ठेवा, वर दोन मजले. पुराचं पाणी खांबांमधून जातं, तुमच्या भिंतींवर दाब येत नाही, गाड्या इशारा पातळी झाली की हलवता येतात. खालचा मजला मात्र खरोखर मोकळा ठेवा. परवानगीला पार्किंग दाखवून नंतर शटर लावून गाळे काढायचे, हा आपल्याकडचा आवडता खेळ आहे. तो बांधून झाल्यावर लागणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्राला अडतो, आणि पुरात आधी तेच गाळे जातात.

माझा आग्रह असा की नियमाच्या किमान उंचीवर थांबू नका. तुमच्या घराच्या भिंतीवर 2021 च्या पाण्याची खूण असेलच. सर्व्हेअरला तिची पातळी घ्यायला सांगा. ती लाल रेषेपेक्षा खाली निघाली तर उत्तम. वर निघाली, तर मजला त्या खुणेच्या वर दीड फूट घ्या. परवानगीला लाल रेषा लागते, झोपायला ही खूण लागते. वर जाण्याचा जादा खर्च खांबांच्या काही फुटांचा असतो, एका पुरात गेलेल्या सामानापेक्षा बराच कमी.

आता एजंटच्या भरावाबद्दल. रेषा ठरते ती पुराच्या पातळीवरून आणि खात्याच्या नकाशावरून. तुम्ही ट्रकने मुरूम आणून टाकला म्हणून ती सरकत नाही. निळ्या रेषेच्या आत भराव टाकणं म्हणजे नदीची पाणी वाहून नेण्याची जागा बुजवणं. ते पाणी कमी होत नाही, शेजाऱ्याच्या घरात जातं. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. दुसरं कारण साधं इंजिनिअरिंगचं आहे. काळ्या मातीवर दहा फूट ताजा भराव, त्यावर पाया, आणि दर पावसाळ्यात खालून पाणी. तो खचणारच.

‘परवानगी मी काढून देतो’ याला किती किंमत द्यायची, हे पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला दिसलं. इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले 36 बंगले मे 2025 मध्ये महापालिकेने जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो बदलला नाही. घेणाऱ्यांनी प्लॉटचे पैसे मोजले होते, घरं बांधून राहत होते. खरेदीखत नोंदलं गेलं, सातबाऱ्यावर नाव लागलं, यातलं काही कामी आलं नाही. दस्त नोंदणीच्या वेळी पूररेषा कोणी तपासत नाही, आणि सातबाऱ्यावर तिची नोंद सहसा सापडत नाही. वकिलाचा शोध अहवाल मालकी सांगतो, पाणी कुठवर येतं ते नाही.

हेच गुंठेवारीला आणि ‘नंतर दंड भरून नियमित करू’ या भरवशाला. अनधिकृत बांधकामं तडजोड शुल्क घेऊन नियमित करण्याचे 2017 चे नियम आहेत, पण निळ्या रेषेतल्या बांधकामांना ते दार बंद आहे. तेव्हा आधी बांधू, मग बघू, हा रस्ता मागचा जो भाग निळ्या रेषेत निघेल तिथे तरी नाही. तिथे आंबा, नारळ, गाड्या लावायची जागा किंवा नुसती बाग ठेवा. तुमचा एफएसआय तसाही पुढे वापरता येतोय.

परवानगीच्या कागदांचा क्रम नेहमीचाच आहे, त्यावर फार लिहीत नाही. आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन अर्ज, सोबत पाटबंधारेचं रेषेचं पत्र आणि लागू असेल तर ना-हरकत, मग प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणी, शेवटी भोगवटा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. नगररचना कायद्यात 60 दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मानीव, म्हणजे मिळालीच असं, धरण्याची तरतूद आहे, आणि हुशार माणसं ती पूरक्षेत्रात वापरायला सुचवतात. ती फक्त नियमात पूर्ण बसणाऱ्या बांधकामाला लागू होते. तुमच्या जागेवर तिच्या भरवशावर पाया खणू नका. आणि परवानगीची मुदत एक वर्षाची असते, पुढे वर्षावर्षानं वाढवून घेता येते, तीही मर्यादेतच. तिघा भावंडांचे पैसे जमवायला वेळ लागणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज वेळेत द्या. परवानगी नाकारली गेली तर 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. नाकारल्याचं कारण मात्र लेखी घ्या, तोंडी ‘होत नाही’ वर घरी येऊ नका.

बांधताना जे नियमात लिहिलेलं नाही पण मी प्रत्येकाला सांगतो ते असं. वीजमीटर आणि मुख्य बोर्ड लाल रेषेच्या वर, जिन्याच्या पहिल्या वळणावर. पाण्याच्या खालच्या टाकीची झाकणं घट्ट आणि हवेचा पाइप उंच, नाहीतर पूर ओसरल्यावर आठवडाभर टाकी धूत बसाल. सांडपाण्याच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह, कारण रस्त्यावर पाणी दिसायच्या आधी ते संडासातून वर येतं. खालच्या भागात प्लायवूड, जिप्सम, लाकडी पॅनेल काही नाही, सिमेंटचा गिलावा आणि फरशी. जिना आतून असला तरी वरच्या मजल्यावरून बोटीत उतरता येईल अशी एक मोकळी गॅलरी नदीच्या उलट बाजूला ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण 2019 ला जे वरच्या मजल्यावर अडकले त्यांना विचारा.

विमा आताच बघा. एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक पॉलिसी द्यावी लागते, आणि तिच्यात पुराचं नुकसान येतं. घर अधिकृत असेल, भोगवटा असेल, तर दाव्याच्या वेळी कटकट कमी. बँकेचं कर्ज काढणार असाल तर बँकेचा मूल्यांकनकारही आजकाल पूररेषेचं पत्र मागतो, त्याची एक प्रत वेगळी ठेवा.

राहिली कुंपणाची भिंत. पुढच्या रस्त्याच्या बाजूला नेहमीच्या उंचीची भिंत परवानगीच्या नकाशात दाखवून बांधा. मागच्या, नाल्याकडच्या भागात पक्की सलग भिंत नको. ती पाणी अडवते, कचरा अडकून तुंबते आणि पूर ओसरताना पहिली तीच आडवी होते, बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या अंगावर. तिथे खांब रोवून तारेची जाळी किंवा मेंदीचं कुंपण करा, हद्दीच्या खुणा मोजणीच्या दगडांनी पक्क्या ठेवा, आणि त्या दगडांचे फोटो ‘क’ प्रतीला जोडून ठेवा, कारण पुरानंतर हद्दीवरून भांडण होतंच.